गोष्ट काकीची, फिल्म कोणाची?

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात एक बाई आहे. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात होत्या, त्या दिवसांतली ही फिल्म. कॅमेरा समोर आल्यावर ही बाई भडकते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, त्यातून आमचं काय होणार, अशा अर्थाचं ती थेट कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते. पटवर्धन यांनी तो प्रसंग कापला नाही, फिल्ममध्ये ठेवला. पुढे फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे बाईच्या बोलण्यातला पहिला भाग तर खरा ठरला.

मी ही फिल्म तिच्यानंतर तीसेक वर्षांनी, मोबाईलवर, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये लोळत पाहिली. त्या बाईचा प्रश्न मात्र मला जुना वाटला नाही. उलट आज तो जास्त लोकांना लागू होतो. तेव्हा कॅमेरा असणारी माणसं मोजकी होती. आज आमच्या गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या यात्रेला जा, नाहीतर झाडीपट्टीतल्या एखाद्या गावात रात्रभर चालणाऱ्या नाटकाला जा, शंभर मोबाईल वर असतात. त्यातले चार-पाच जण तरी ‘डॉक्युमेंटरी करतोय’ असं सांगतात. त्यामुळे प्रश्न आता फक्त पटवर्धनांचा उरलेला नाही. दुसऱ्याच्या आयुष्याची फिल्म करायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो? आणि तो मिळाला, तर त्याबदल्यात आपण काय देणं लागतो?

‘ॲक्सेस आहे’

भारतातल्या अगदी सुरुवातीच्या फिल्म कथापट नव्हत्याच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचं चित्रण केलं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चौदा वर्षं आधी. मला या गोष्टीतलं एक बारीक तपशील फार आवडतं. त्या दोन पैलवानांची नावं आजही सांगितली जातात: पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या काही मिनिटांच्या फिल्ममधली माणसं नावानिशी शिल्लक आहेत. आणि आजच्या कितीतरी फिल्ममध्ये खाली पट्टी येते: ‘शेतकरी विधवा’, ‘आदिवासी महिला’, ‘विडी कामगार’. माणूस समोर बसलेला असतो आणि आपण त्याचा प्रवर्ग वाचत असतो.

धंद्याचं गणित पाहू. कथापटात नटाला पैसे मिळतात. माहितीपटात कॅमेरामनला मिळतात, संकलकाला मिळतात, आवाजाचं काम करणाऱ्याला मिळतात, गाडीच्या ड्रायव्हरला मिळतात. ज्याच्या आयुष्यावर हे सगळं उभं आहे, त्याला सहसा मिळत नाहीत. कारण असं सांगितलं जातं की पैसे दिले तर माणूस आपल्याला हवं ते बोलेल, खरेपणा जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याचा परिणाम बघा: खरेपणा राखायचा सगळा खर्च ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्याच्याच खिशातून जातो. दिवसभर शूटिंगला बसलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ती मजुरी फिल्मच्या बजेटमध्ये कुठेच दिसत नाही.

दिग्दर्शक श्रीमंत होतो असंही नाही. पूर्वी १९४८ मध्ये सुरू झालेली फिल्म्स डिव्हिजन होती. तिच्या फिल्म थिएटरमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवणं सक्तीचं होतं. पुढे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी स्वतंत्र लोकांना काम दिलं. आता बहुतेकांना पिचिंगच्या रांगेत उभं राहावं लागतं. म्हणजे देश-परदेशातल्या फंडवाल्यांसमोर काही मिनिटांत आपली फिल्म ‘विकायची’. लहानसा ट्रेलर, काही स्लाइड, आणि त्यात एक शब्द हमखास असतो: ‘ॲक्सेस’. या कुटुंबाचा आमच्याकडे ॲक्सेस आहे, या गावाचा आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. आमच्याकडे ॲक्सेस म्हणजे परवानगी: कोणीतरी दिलेली, नोंद केलेली, आणि काढूनही घेता येणारी. फिल्मच्या स्लाइडवर मात्र तो शब्द मालमत्तेसारखा येतो. खरं म्हणजे ‘ॲक्सेस आहे’ याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी तुमच्यावर विश्वास ठेवला आहे. विश्वास त्याचा, तो मांडला गेला मात्र तुमच्या जमेच्या बाजूला.

काकी म्हणते, काढून टाक

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण गेल्या वर्षी एक प्रकरण घराजवळच घडलं.

माझा एक मित्र विडी वळणाऱ्या बायांवर फिल्म करतोय. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कोणालाही हे काम सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता येतो, ठेकेदार पानं आणि तंबाखू देतो, बाया घरी बसून विड्या वळतात, आणि हजारावर मजुरी मिळते. ठेकेदार वळलेल्या विड्यांतून ‘खराब’ म्हणून काही बाजूला काढतो. त्या खरंच खराब होत्या का, हे त्यालाच ठाऊक. आमच्या शेजारच्या काकी तीस वर्षं हे काम करताहेत. मित्राची आणि त्यांची ओळख माझ्यामुळे झाली.

पहिल्याच दिवशी काकींनी विचारलं, “हे पाहाले कोन येनार आहे?” मित्राने नीट समजावलं: फेस्टिव्हल, मग कदाचित ओटीटी, मग कदाचित यूट्यूब. संमतीपत्र मराठीत होतं, त्याने ते वाचून दाखवलं, काकींनी सही केली. सगळं नियमाप्रमाणे. आठ दिवस तो त्यांच्या ओसरीवर बसला. आठव्या दिवशी हात चालू असतानाच काकी बोलायला लागल्या. विड्या कशा मोजल्या जातात, किती बाजूला काढतात, बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, कोणाच्या नावावर काय लिहिलं जातं. चार मिनिटं. आवाज चढलेला नाही, हात थांबलेले नाहीत. मी ते फुटेज पाहिलं आहे. अख्ख्या फिल्ममध्ये त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

तीन आठवड्यांनी काकींचा फोन आला. “बाबू, थे मायं बोलनं काढून टाक. त्यानं पानं देनं बंद केलं त मी काय करू?”

मित्राकडे सही आहे. कायद्याने त्याची बाजू भक्कम असावी. आणि त्याच्याकडे एक चांगला युक्तिवादही आहे: हे फक्त काकींचं दुखणं नाही, शेकडो बायांचं आहे. ते दिसलं नाही तर बदलणार कसं? एका बाईच्या भीतीपोटी बाकीच्यांचा आवाज का दाबायचा?

हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण त्यात एक गफलत आहे. ‘बाकीच्या बायांसाठी’ जोखीम घ्यायची असेल तर ती घ्यायची की नाही हे काकी ठरवतील. मित्र पुण्याला परत जाणार आहे, मीही. पानं बंद झाली तर आमच्या चुलीवर काही फरक पडणार नाही. दुसऱ्याच्या जिवावर आपण धाडस दाखवलं तर ते आपलं धाडस होत नाही.

सहीला तारीख असते

आमच्या धंद्यात संमतीचं फार नाटक चालतं. चाळीस पानी अटी, खाली एक चौकोन, टिचकी मारा आणि पुढे व्हा. कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. म्हणूनच आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात एक तत्त्व आलं आहे: संमती देणं जितकं सोपं होतं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. हा कायदा माहितीपट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नाही. पण तत्त्व मला अचूक वाटतं, कारण संमती ही वस्तू नव्हे. सातबारावर नाव चढवावं तशी ती एकदा घेऊन ठेवता येत नाही. तिला तारीख असते. पहिल्या दिवशी काकींनी सही केली तेव्हा आठव्या दिवशी आपण काय बोलणार, हे त्यांनाच माहीत नव्हतं. जे अजून बोललंच गेलं नव्हतं, त्यासाठी त्यांनी होकार कसा दिला?

माहितीपटाची कलाच मुळात या फटीत राहते. चांगला दिग्दर्शक तो, जो इतका वेळ बसून राहतो की समोरच्याला कॅमेऱ्याचा विसर पडतो. आपण त्याची वाहवा करतो: किती सहज बोललीय ती! पण कॅमेरा विसरलेल्या माणसाने आत्ता, या क्षणी, संमती दिलेली नसते. म्हणजे कलेचा उत्तम क्षण आणि संमतीचा सगळ्यात कच्चा क्षण बहुतेक वेळा एकच असतो. यावर कुठला फॉर्म उपाय नाही. उपाय एवढाच, की नंतर परत जायचं, समोर बसून दाखवायचं आणि विचारायचं: हे राहू दे का?

आमच्याच जिल्ह्यात याचं एक उदाहरण रोजच्या पाहण्यातलं आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळपास फक्त गोंदिया आणि आसपासच्या पट्ट्यात उरला आहे. पावसाळ्यात तो तळ्यांत आणि धानाच्या बांध्यांमध्ये घरटं करतो. शहाणा फोटोग्राफर घरट्याच्या जवळ जात नाही, आणि फोटो टाकताना जागेचा पत्ता सांगत नाही. फोटो कितीही सुंदर आला असला तरी. पक्ष्याला आपल्या फोटोमुळे धोका होऊ नये, हे आपल्याला पटलेलं आहे. मग ओसरीवर बसलेल्या बाईच्या बाबतीत आपल्याला सहीचा आधार का लागतो? सारसाने तर कुठे सही केली आहे?

मग नेत्यालाही विचारायचं का?

इथे कोणीही विचारेल: असं असेल तर माहितीपट होणारच नाहीत. प्रत्येकाला ‘काढून टाक’ म्हणायचा हक्क दिला तर ठेकेदारही म्हणेल, नेताही म्हणेल. पटवर्धनांच्याच ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये जे पुढारी कॅमेऱ्यासमोर बोलले, त्यांना नंतर दाखवून परवानगी घ्यायची होती का? तशी घेतली असती तर फिल्म राहिली असती का?

मला वाटतं, इथे एक साधा फरक करता येतो. ज्याच्या बोलण्याचा धोका दुसऱ्यांना आहे, तो वेगळा. ज्याच्या बोलण्याचा धोका त्याला स्वतःलाच आहे, तो वेगळा. सभेत उभा राहून लोकांना चिथवणारा माणूस स्वतःहून सार्वजनिक झालेला असतो, आणि त्याच्या शब्दांचे परिणाम भोगणारे दुसरे असतात. त्याला मागे घ्यायचा हक्क दिला तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. काकींच्या शब्दांचे परिणाम काकींनाच भोगायचे आहेत. या दोघांना एकच नियम लावला तर तो वरवर समान दिसतो, पण चालतो बलवानाच्या बाजूने.

हा फरक नेहमी इतका स्वच्छ नसतो, हेही खरं. ‘रायटिंग विथ फायर’ ही फिल्म घ्या. उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’ या ग्रामीण, दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या वृत्तसंस्थेवरची ही फिल्म २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. आणि पुरस्कार सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’नेच निवेदन काढलं: फिल्म प्रभावी आहे, पण आमचं जे चित्र तिच्यात आलंय ते अपुरं आहे. एकाच पक्षाच्या बातम्यांवर भर दिल्याने आमचं काम आहे त्यापेक्षा वेगळं दिसतं. गंमत अशी, की फिल्म त्यांच्या कौतुकाची होती. शिवाय या स्त्रिया स्वतः रोज दुसऱ्यांसमोर कॅमेरा धरणाऱ्या पत्रकार. त्यांना कोणी भोळं म्हणू शकणार नाही.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, कौतुकसुद्धा माणसाला आहे त्याहून लहान करू शकतं. आणि दुसरी: दिग्दर्शकाचा स्वतःचा दृष्टिकोन असायचा हक्क मान्य केला, तरी समोरच्याचा ‘हे आम्ही नाही’ असं म्हणायचा हक्क संपत नाही. ‘खबर लहरिया’कडे स्वतःचं व्यासपीठ होतं, म्हणून त्यांचा आक्षेप आपल्यापर्यंत पोचला. काकींकडे फक्त माझ्या मित्राचा नंबर आहे. ज्याच्याकडे उत्तर द्यायचं साधन नाही, त्याचा नकार म्हणूनच जास्त जड धरायला हवा.

देणं कसं फिटतं

आता पुन्हा ‘हमारा शहर’मधल्या बाईकडे. तिचा राग फिल्ममध्ये ठेवला, हा प्रामाणिकपणा झाला. पण एवढ्याने देणं फिटत नाही. स्वतःवरचा आरोप दाखवणं हीसुद्धा एक शैली होऊ शकते, आणि आजकाल झालीही आहे. दिग्दर्शक आपला अपराधभाव दोन मिनिटं बोलून दाखवतो, प्रेक्षकाला तो संवेदनशील वाटतो, आणि समोरचा माणूस होता तिथेच राहतो.

पटवर्धनांच्या बाबतीत पुढे जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८६ मध्ये नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. तिथल्या लोकांच्या उपोषणात शबाना आझमींसोबत पटवर्धनही बसले. अखेर त्या लोकांना गोरेगावला जागा मिळाली. ‘आमचं काय होणार’ या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नव्हे, पण उत्तराची दिशा आहे. आणि हे उत्तर फिल्मच्या बाहेर दिलं गेलं.

दुसरा धागा याहून लांब जातो. ‘हमारा शहर’मध्ये विलास घोगरे या शाहिरांचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा माणसं मेली. त्यानंतर चारच दिवसांनी घोगऱ्यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तिथून ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू केली आणि ती २०११ मध्ये, चौदा वर्षांनी, पूर्ण झाली. मधल्या काळात, २००६ मध्ये, आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली. तीही फिल्ममध्ये आली. फिल्म तयार झाल्यावर ती वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवली गेली. ज्यांची होती, त्यांच्यात.

एका गाण्यासाठी आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मरणाचा माग चौदा वर्षं काढत राहणं, हे कोणत्याही संमतीपत्रात लिहिलेलं नसतं. प्रत्येकाला हे जमणारही नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी फिल्म करणाऱ्याला तर नाहीच. पण यातून देण्याचं स्वरूप कळतं. ते उधारीसारखं एका रकमेने फिटत नाही. नात्यासारखं चालू ठेवावं लागतं.

छोट्या प्रमाणावर त्याचे अर्थ साधे आहेत. बुडालेल्या मजुरीचे पैसे बजेटमध्ये, स्वतंत्र ओळीत लिहायचे. ते बोलण्याचे पैसे नव्हेत, वेळेचे आहेत. पहिला कट फेस्टिव्हलला पाठवायच्या आधी ओसरीवर दाखवायचा. जिथे धोका समोरच्याला आहे, तिथे ‘काढून टाक’ हा शेवटचा शब्द मानायचा. आणि जे काढलं, त्याची उणीव स्वतःच्या मेहनतीने भरायची: इतर गावांतल्या तयार असलेल्या बाया शोधायच्या, बदललेल्या आवाजात बोलायची सोय द्यायची, मोजणीच्या वह्या आणि मजुरीचे दर गोळा करायचे. हे चार मिनिटांच्या त्या फुटेजइतकं चांगलं दिसणार नाही. फिल्म थोडी कमजोर होईल. ती किंमत दिग्दर्शकाने मोजायची आहे, काकींनी नव्हे. मित्राला मी हेच सांगितलं आहे. त्याने ती चार मिनिटं टाइमलाइनवरून काढली आहेत. तो अजून माझ्यावर नाराज आहे, आणि त्याची नाराजी मला समजते.

आणि पाहणारे आपण

शेवटी एक हिशेब आपलाही आहे, कारण आपल्यातले बहुतेक जण फिल्म करणारे नाहीत, पाहणारे आहेत.

दीपा भाटिया यांची ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) ही फिल्म पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या घरांपर्यंत जाते. शीर्षक साईनाथ यांनी सांगितलेल्या एका गोष्टीवरून आलं आहे. रोमचा सम्राट नीरो रात्रीच्या मेजवानीला उजेड हवा म्हणून कैद्यांना जिवंत जाळायचा. साईनाथ यांचा प्रश्न नीरोबद्दल नाही. ते विचारतात, त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते? त्या उजेडात घास तोंडात घालू शकणारी माणसं कशी असतील?

विदर्भातला असल्याने हा प्रश्न मला बोचतो. आमच्याकडचं दुःख पडद्यावर चांगलं दिसतं. मातीच्या भिंती, दुपारचं ऊन, थकलेला चेहरा, मागे सारंगी. आपण पाहतो, गळा दाटतो, स्टोरीला शेअर करतो, आणि ऑटोप्लेवर पुढचं काहीतरी सुरू होतं. त्या दाटलेल्या गळ्याने आपल्याला बरं वाटतं, हेच मला संशयास्पद वाटतं. दुसऱ्याच्या उजेडात जेवण्याचाच तो एक प्रकार नाही ना?

पाहणं थांबवा असं मी म्हणणार नाही. पाहिलंच नाही तर ठेकेदाराचंच फावेल. पण पुढची फिल्म पाहून झाल्यावर शेवटच्या पाट्या पळवू नका. समोर बोललेल्या बाईचं नाव तिथे आहे का ते बघा. ती फिल्म तिच्या गावात दाखवली का, हे दिग्दर्शकाला विचारा. इन्स्टावर एक मेसेज टाकायला काही लागत नाही. आणि एखाद्या ठिकाणी गोष्ट अर्धवट तुटल्यासारखी वाटली, कोणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटलं, तर लगेच फिल्म कच्ची आहे असं म्हणू नका. कदाचित तिथे कोणाच्या तरी घरी पानं येणं चालू राहिलं असेल.